कार्डोसो साहेब, टेबलावरची दोन-तीन मशीनं राहू द्या

प्रति,
गव्हर्नर,
सेंट्रल बँक ऑफ नायजेरिया, अबुजा

साहेब, नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुमच्या बँकेने एजंट बँकिंगची, म्हणजे बँकेच्या वतीने रस्त्यावर किंवा दुकानात बसून लोकांना पैसे काढून देणाऱ्या एजंटांची, नवी नियमावली काढली, त्यातल्या एका कलमासाठी हे पत्र. १ एप्रिल २०२६ पासून एका एजंटने एकाच कंपनीचं काम करायचं, म्हणजे रस्त्यावर टेबल टाकून बसलेल्या पीओएसवाल्याकडे (पीओएस म्हणजे कार्ड घालायचं मशीन) एकाच बँकेचं नाहीतर एकाच फिनटेकचं, म्हणजे पेमेंटच्या कंपनीचं, मशीन, आणि तेही नोंदवलेल्या जागेवरच, जागा हलवायची तर आधी परवानगी. नियमावलीत बाकी बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत, एजंटची नीट नोंदणी हवी, ट्रेनिंग हवं, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायला कोणीतरी जबाबदार हवं, सगळं मान्य. पण हे एक कलम चुकलंय आणि ज्यांना त्याचा फटका बसणार ते काही तुम्हाला पत्र लिहिणार नाहीत.

इंग्रजीतलं पत्र मेलने वेगळं पाठवलंय. मराठीत यासाठी लिहितेय की लागोस, नैरोबी, अक्रा, दार-ए-सलाम इथे कारखान्यांत, दुकानांत, हॉटेलांत नोकरी करणारे आपले लोक बरेच आहेत, पगार वाटणं हे काम त्यांच्यातल्या अनेकांच्या गळ्यात असतं, आणि घरच्यांना अजून वाटतं की आफ्रिका म्हणजे एकच देश आणि तिथे बँकाबिंका नसतीलच. तर त्यांनीही वाचावं.

मी मूळची सांगलीची, काम अकाउंट्सचं. आधी नैरोबीला इंडस्ट्रियल एरियातल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात, आता लागोसला इलुपेजूत, काम तेच. त्यामुळे दोन्ही देशांतली बँकिंगची व्यवस्था मी रिपोर्टात कमी आणि पगाराच्या दिवशी जास्त बघितलीय. माझा यात स्वार्थ सरळ आहे, आमच्या लोकांना पगार मिळाला पण हातात पडला नाही तर दुसऱ्या दिवशी मशिनवर माणूस नसतो आणि सुपरवायझर माझ्या टेबलासमोर उभा असतो.

आधी एक टेबल दाखवते. आमच्या गेटसमोर रस्त्यापलीकडे एक बाई बसते. मोठी छत्री, प्लॅस्टिकचं टेबल, दोन खुर्च्या, एक तिची आणि एक गिऱ्हाइकाची. टेबलावर तीन मशीनं, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला रेट, पाच हजार नायराला शंभर. पगार झाला की संध्याकाळी लाइन लागते. कार्ड घातलं, पिन टाकला, स्क्रीनवर ते चक्र फिरतंय, फिरतंय, आणि मग डिक्लाइन्ड. बाई वैतागत नाही. आधी गिऱ्हाइकाला विचारते, डेबिटचा मेसेज आला का? आला असेल तर थांबवते, वहीत वेळ आणि रक्कम लिहून घेते. नसेल आला तर कार्ड काढून दुसऱ्या मशीनमध्ये घालते. तिथे नाही झालं तर तिसऱ्यात. कधी एक कंपनी बसलेली असते कधी दुसरी, पण तिन्ही एकदम बसलीत असं क्वचित होतं, म्हणून तर तिने तीन ठेवलीत. कोणी तिला शिकवलेलं नाही, रोजच्या नेटवर्कने शिकवलंय.

आता नव्या नियमाप्रमाणे यातली दोन मशीनं तिने परत करायची. म्हणजे उरलेली कंपनी ज्या दिवशी बसेल त्या दिवशी हिचं टेबल बंद, आणि समोरच्या लाइनमधल्या माणसाने दुसऱ्या कंपनीचं टेबल शोधत फिरायचं. इलुपेजूत सापडेल हो. उत्तरेतल्या कात्सिना राज्याच्या एखाद्या खेड्यात जिथे सगळ्या बाजाराला मिळून एकच एजंट आहे तिथे कुठे शोधायचं?

तुमच्या बाजूने विचार केला तर कारण कळतं. पीओएसवरून फसवणूक होते, खंडणीचे पैसेसुद्धा असेच काढले जातात असं बोललं जातं, कुठला व्यवहार कुणी कुठून केला ते बँकेला कळलं पाहिजे. बरोबर आहे. पण त्यासाठी माणसाला ओळख नंबर द्या ना. बीव्हीएन, म्हणजे प्रत्येक खातेदाराचा एकच ओळख नंबर, तुमच्याकडे २०१४ पासून आहे. एका एजंटला एक नंबर, तो सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालेल, म्हणजे तीन मशीनं असोत नाहीतर पाच, हिशेब एकाच नावाखाली दिसेल. मशीन एकच ठेवलं म्हणून चोर कमी होतात असं कुठे झालंय?

आणि हा प्रयोग आधी झालाय, केनियात. तिथे एम-पेसा, म्हणजे सफारीकॉम या मोबाइल कंपनीची फोनवरून पैसे पाठवायची आणि एजंटकडून काढायची सोय, मार्च २००७ मध्ये सुरू झालं, आणि सफारीकॉमचा एजंट दुसऱ्या मोबाइल कंपनीचं काम करू शकत नव्हता. परिणाम काय, दुसरी कंपनी कितीही स्वस्त दरात पैसे पाठवून देवो, गल्लीत ते काढून देणारा माणूसच नाही. बँकांच्या एजंटांसाठी केनियाच्या मध्यवर्ती बँकेने २०१० मध्येच लिहून ठेवलं होतं की एजंटला कोणी बांधून घ्यायचं नाही, पण मोबाइल मनीतली ही साखळी तुटायला २०१४ उजाडलं. एअरटेलने तक्रार केली, स्पर्धा आयोग मध्ये पडला आणि मग सफारीकॉमने एजंट मोकळे केले. तोवर बाजार एकाच कंपनीच्या खिशात गेलेला होता, आणि आजही बराचसा तिथेच आहे. केनिया जिथून सुटायला धडपडला तिथे तुम्ही आपणहून निघालात, हे मला समजत नाही.

आता कोणी म्हणेल ही बाई केनियाचं कौतुक सांगत बसलीय. थांबा, केनियाचंही येतंय. पण आधी दोन्ही देश इथवर कसे आले ते थोडं सांगते, कारण तुमच्या बँकेला लहान लोकांची एवढी धास्ती का वाटते ते त्याशिवाय कळत नाही. आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

दोन्हीकडे इंग्रजच होते. नैरोबीची बँक तर थेट आपल्याकडून गेलेली, नॅशनल बँक ऑफ इंडिया, १८९६ मध्ये मोंबासाला आणि १९०४ मध्ये नैरोबीला. चलनही १९२० पर्यंत रुपयाच होता. त्याच बँकेची पुढे केनिया कमर्शियल बँक झाली, सरकारने १९७० मध्ये ६० टक्के हिस्सा घेतला तेव्हा. लागोसला १८९२ मध्ये बँक आली आणि १८९४ पासून बँक ऑफ ब्रिटिश वेस्ट आफ्रिका, आजची फर्स्ट बँक. दोन्हीकडच्या बँका होत्या गोऱ्या कंपन्यांसाठी, काळ्या माणसाला कर्ज नाही. फरक इथून पुढे सुरू होतो. नायजेरियात लोकांनी स्वतःच्या बँका काढल्या, १९३३ ची नॅशनल बँक ऑफ नायजेरिया त्यातली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर धडाधड निघाल्या. नियम काहीच नव्हते, बँकिंगचा पहिला कायदा १९५२ चा. १९५४ पर्यंत बहुतेक बुडाल्या. पुढे १९८६ नंतर लायसन्सं परत खुली झाली आणि चाळीस-एक्केचाळीस बँकांच्या पाचसहा वर्षांत एकशेवीसच्या आसपास झाल्या, ज्याच्याकडे पैसा तो बँकवाला, आणि १९९८ मध्ये एका फटक्यात २६ बँकांना टाळं. ज्यांचे पैसे गेले त्यांची मुलं आज तुमच्या ऑफिसात बसली असतील. लहान बँक म्हणजे बुडणारी बँक हे तुमच्या संस्थेच्या डोक्यात बसलंय ते उगाच नाही.

म्हणून २००४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर सोलुडो साहेबांनी बँकांचं किमान भांडवल २०० कोटी नायरावरून एकदम २,५०० कोटी केलं, दीड वर्षाची मुदत. ८९ बँका होत्या, २००५ संपता संपता २५ उरल्या. मोठ्या झाल्या, मजबूत झाल्या असं सगळे म्हणाले. आणि चारच वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, पुढचे गव्हर्नर सनुसी साहेबांना पाच बँकांचे प्रमुख घरी पाठवावे लागले आणि एकूण ६२,००० कोटी नायरा ओतावे लागले, बुडीत कर्जं उचलायला २०१० मध्ये अॅमकॉन काढावं लागलं. म्हणजे मोठी बँकही बुडते, फक्त बुडताना आवाज मोठा होतो आणि बिल सरकार भरतं. आता तुम्ही मार्च २०२४ मध्ये परत तेच केलंत, इंटरनॅशनल लायसन्सवाल्यांना ५०,००० कोटी, नॅशनलला २०,००० कोटी, ३१ मार्च २०२६ पर्यंत. नायरा एवढा घसरल्यावर जुने २,५०० कोटी म्हणजे काहीच राहिलं नव्हतं हे मान्य, मीही तेच केलं असतं कदाचित. केनियानेही वाढवलंय, १०० कोटी शिलिंगवरून १,००० कोटी, पण टप्प्याटप्प्याने २०२९ पर्यंत.

नायजेरियात बँकांना टाळं लागत होतं त्याच नव्वदच्या दशकात नैरोबीत काय चाललं होतं बघा. मोठ्या परदेशी बँकांनी गावाकडच्या शाखा बंद केल्या, मिनिमम बॅलन्स वाढवला, गरीब माणूस बाहेर. इक्विटी नावाची एक बिल्डिंग सोसायटी होती, १९८४ ची, घरासाठी कर्ज देणारी. १९९३ मध्ये तिची निम्म्याहून जास्त कर्जं थकलेली, मध्यवर्ती बँकेनेच सांगितलं की कागदावर ही दिवाळखोर आहे. पण टाळं नाही लावलं. जेम्स म्वांगी तिथे आले, घरकर्जाचा नाद सोडून छोट्या ठेवी आणि छोटी कर्जं, चहाच्या मळ्यातल्या लोकांपर्यंत गाडी घेऊन जाणं, असं करत करत २००४ च्या शेवटी ती बँक झाली, २००६ मध्ये शेअर बाजारात लिस्ट झाली. आज पूर्व आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बँकांमध्ये आहे. तुमच्या २,५०० कोटींच्या नियमाखाली ही जन्मालाच आली नसती हो.

एम-पेसाचंही तसंच. एक मोबाइल कंपनी लोकांचे पैसे फिरवणार, कायद्यात बसणारा रकानाच नाही. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने आमची हरकत नाही असं पत्र दिलं, अट एकच की लोकांचा प्रत्येक शिलिंग बँकेत ट्रस्टच्या खात्यात वेगळा राहील, कंपनीने हात लावायचा नाही. २००८ च्या शेवटी बँकवाल्यांनी ओरड केली, अर्थमंत्र्यांनी तपासणी लावली, आणि निघालं की व्यवस्था ठीक आहे. आधी चालू द्या, डोळा ठेवा, नियम मागून येतील. नायजेरियाने २००९ मध्ये मोबाइल पेमेंटचे नियम केले आणि त्यात मोबाइल कंपन्यांनाच बाहेर ठेवलं. पेमेंट सर्व्हिस बँक, म्हणजे ठेवी घेणारी, पैसे पाठवणारी पण कर्ज न देणारी बँक, हा दरवाजा २०१८ मध्ये किलकिला झाला, एमटीएन आणि एअरटेलला प्रत्यक्ष लायसन्स मिळालं ते एप्रिल २०२२ मध्ये. एम-पेसानंतर पंधरा वर्षं.

या पंधरा वर्षांची किंमत आकड्यात आहे. केनियात २००६ मध्ये २६.७ टक्के प्रौढ लोक औपचारिक वित्तव्यवस्थेत होते, २०२४ मध्ये ८४.८ टक्के. नायजेरियात २०२३ मध्ये ६४ टक्के. तुमच्याच २०१२ च्या धोरणात लिहिलं होतं की २०२० पर्यंत बाहेर राहिलेले लोक २० टक्क्यांवर आणू, २०२० च्या पाहणीत ते ३६ टक्के निघाले. आणि देशाच्या वायव्येला तर जवळपास निम्मे लोक अजून बाहेर. बाहेर म्हणजे पैसे ठेवत नाहीत असं नाही हं. योरुबा बाजारात अलाजो फिरतो, रोज थोडे थोडे गोळा करतो, कार्डावर खूण करतो आणि महिन्याला एक दिवसाची रक्कम स्वतःची कापून बाकीचे परत देतो. सांगलीत ज्यांच्या दुकानात पिग्मी एजंट यायचा त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लोक तयारच होते, तुमचा दरवाजा बंद होता.

आता माझ्या तक्रारी. एजंटला एकाच कंपनीला बांधण्याची पहिली, ती वर झालीच.

दुसरी, १२ लाखांची. डिसेंबर २०२४ पासून एका एजंटने दिवसाला १२ लाख नायराच्या वर रोख द्यायची नाही. मी अकाउंटंट आहे, मला लगेच भागाकार सुचतो. किमान वेतन २०२४ पासून ७०,००० नायरा. सतरा जणांनी पगार काढला की टेबल बंद. आमच्या एका पाळीत सतराच्या वर माणसं आहेत. आता तीनातली दोन मशीनंही काढून घेतली म्हणजे सतरा जणांपर्यंत तरी पोचतील का ते नेटवर्कला विचारायला लागेल.

तिसरी, एटीएमची. आधी दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन वेळा फुकट होतं. १ मार्च २०२५ पासून ते गेलं. दर २०,००० ला १०० नायरा, आणि एटीएम बँकेच्या आवारात नसेल, मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर असेल, तर वर ५०० पर्यंत आणखी. ७०,००० काढायला चार वेळा कार्ड घालायचं, म्हणजे दोन हजारांच्या वर गेले. गेटसमोरची बाई तेवढ्यालाच चौदाशे घेते. म्हणजे छत्रीखालची बाई मॉलमधल्या एटीएमपेक्षा स्वस्त! हा हिशेब मी आमच्या एमडींना दाखवला तेव्हा त्यांना खरा वाटला नाही. स्वतःच्या बँकेचं एटीएम फुकट आहे ना असं तुम्ही म्हणाल, आहे, पण ते चालू असलं पाहिजे, त्यात नोटा असल्या पाहिजेत आणि ते घरापासून दोन बस बदलून जावं लागेल इतकं लांब नसलं पाहिजे.

चौथी, अडकलेल्या पैशांची. डेबिट होतं पण पैसे येत नाहीत, हे इतकं रोजचं झालंय की लोक आता त्यावर चिडतही नाहीत. तुमचा २०२० चा नियम आहे, आपल्याच बँकेचं एटीएम असेल तर लगेच, दुसऱ्या बँकेचं असेल तर ४८ तासांत, पीओएस असेल तर ७२ तासांत परत. आमच्या पॅकिंगमधल्या एका मुलाचे एका बँकेत, नाव नको, पंचवीस हजार असेच अडकले आणि तो शाखेत जाऊन फॉर्म भरून आला, परत गेला, परत फॉर्म. प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. शेवटी मिळाले, पण बँकेला त्याची काय शिक्षा? आमच्या रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये ठरवून दिलंय, एटीएममध्ये अडकलेले पैसे पाच दिवसांत परत नाही आले तर पुढे दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला, त्याने मागितले नाहीत तरी. आमच्याकडे सगळं छान आहे असं म्हणत नाहीये, त्याच वर्षी मुंबईत एका सहकारी बँकेचे खातेदार स्वतःच्या पैशासाठी रस्त्यावर रडत होते. पण हा नियम चांगला आहे, उचला.

पाचवी मुदतीची, आणि ही जुनी असली तरी मी सोडणार नाहीये. तुमच्या आधीच्या गव्हर्नरच्या काळातली आहे, तुमच्यावर ढकलत नाही, पण संस्था तीच आहे. २६ ऑक्टोबर २०२२ ला जाहीर झालं की २००, ५०० आणि १,००० च्या नोटा बदलणार, ३१ जानेवारीनंतर जुन्या चालणार नाहीत. कारण दिलं की ३.२३ लाख कोटी नायरातले २.७३ लाख कोटी बँकांच्या तिजोरीबाहेर आहेत. अहो बाहेरच असणार, देशाचा अर्धा बाजार रोखीवर आहे! नव्या नोटा लोकांपर्यंत यायला लागल्या १५ डिसेंबरला, म्हणजे खरी मुदत दीड महिना, मग दहा दिवस वाढवून १० फेब्रुवारी. फेब्रुवारीत चलनातल्या नोटा एक लाख कोटींच्याही खाली आल्या. रोख नाही म्हणून डॅनफोवाला (लागोसची पिवळी मिनीबस) घेत नाही, लोक चालत कामावर. पीओएसवर शंभर नायरा रोख मिळवायला वीस-वीस, तीस-तीस द्यायला लागले, म्हणजे स्वतःचेच पैसे विकत घ्यायचे. शेवटी ३ मार्चला सुप्रीम कोर्टाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असं सांगितलं तेव्हा जिवात जीव आला. आम्ही भारतीयांनी ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र बघितलीय, आम्हाला तर चार तासच मिळाले होते, त्यामुळे लागोसमधल्या सगळ्या भारतीयांची त्या महिन्यात एकच चर्चा.

आणि केनियाने २०१९ मध्ये हेच केलं ते कसं? १ जूनला जाहीर केलं, फक्त १,००० ची नोट, १ ऑक्टोबरपासून बंद. बाकी नोटा तशाच. चार महिने. शिवाय गल्लोगल्ली एम-पेसा, नोट नसली तरी भाजीवाली टिल नंबर, म्हणजे तिच्या दुकानाचा एम-पेसा नंबर, सांगते. मुदत संपली तेव्हा सुमारे ७४० कोटी शिलिंगच्या नोटा परत आल्या नाहीत, त्या रद्दी झाल्या, ज्यांच्याकडे लपवलेल्या होत्या त्यांचं ते बघतील. रांगा लागल्या, कुरकुर झाली, पण कोणाच्या घरची चूल बंद पडली असं नाही ऐकलं. हेतू दोघांचा एकच होता, काळा पैसा.

सहावी छोटी आहे. मे २०२३ मध्ये १३२ मायक्रोफायनान्स बँकांची लायसन्सं एकदम रद्द झाली. त्या चालण्यासारख्या नसतील, ठीक. पण त्यांच्या जागी त्या गल्लीत कोण आलं? कुठे छापलंय का?

आता केनियाचं. नैरोबीत असताना एम-पेसाच्या हिरव्या टपरीवर रोज जायचे, रजिस्टरमध्ये आयडी नंबर लिहायचा, सही करायची, दोन मिनिटांत काम, आणि संध्याकाळी कधी कधी फ्लोट, म्हणजे एजंटकडची शिल्लक, संपलाय म्हणून पुढच्या टपरीवर. सोपं होतं. पण त्याच सोप्या वाटेने कर्जही आत आलं. २०१२ मध्ये एम-श्वारी, २०१९ मध्ये फुलिझा, खात्यात पैसे नसले तरी पाठवा, वर चार्ज. मग कर्ज देणारी अॅप्स, नाव-गाव विचारणारं कोणी नाही, हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून अब्रू काढायची. त्यांना लायसन्स लावायचा कायदा आला डिसेंबर २०२१ मध्ये. आधी चालू द्या आणि मागून नियम करा, याचं हे दुसरं तोंड. शिवाय २०१५ ते २०१६ मध्ये आठ-नऊ महिन्यांत तीन बँका कोसळल्या, दुबई बँक, इम्पीरियल बँक, चेस बँक. इम्पीरियलमध्ये नैरोबीच्या आपल्या भारतीय व्यापाऱ्यांचे किती अडकले ते पार्कलँड्समध्ये, तिथल्या भारतीयांच्या वस्तीत, कोणालाही विचारा. व्याजदराला कायद्याने टोपी घातली २०१६ मध्ये, बँकांनी छोट्या धंद्यांना कर्ज देणंच कमी केलं, २०१९ मध्ये टोपी काढावी लागली. आणि एम-पेसाने सगळ्यांना आत आणलं हे बघितल्यावर सरकारने त्यावर एक्साइज कर वाढवत नेला, २०२३ मध्ये १५ टक्के. सगळे एकाच दरवाजातून जात असले की टोल लावायला सोपं पडतं.

आणि नायजेरिया केनियाच्या पुढे कुठे आहे तेही लिहिते, नाहीतर पत्र एकांगी होईल. कुठल्याही बँकेच्या खात्यातून कुठल्याही बँकेच्या खात्यात काही सेकंदांत पैसे, हे तुमच्याकडे २०११ पासून आहे, आमच्या यूपीआयच्याही आधी. हे पैसे फिरवणारी यंत्रणा, एनआयबीएसएस, सगळ्यांची सामायिक, कुठल्याही एका कंपनीची मालकी नाही. नैरोबीत एका मोबाइल कंपनीतून दुसरीत सरळ पैसे जायला २०१८ उजाडलं. इंटरस्विच, पेस्टॅक, फ्लटरवेव्ह, पेमेंटच्या कंपन्यांची ही नावं लागोसचीच. तुमच्या बँका आज नैरोबीत जाऊन बँका विकत घेतात, अॅक्सेसने २०२५ मध्ये नॅशनल बँक ऑफ केनिया घेतली, उलटं झालेलं मला तरी माहीत नाही. सगळ्यांचं मिळून एक असणं, कोणीही कोणाशीही व्यवहार करू शकणं, ही तुमची खरी कमाई आहे, आणि एजंटला एका कंपनीला बांधून तुम्ही नेमकी तीच रस्त्यावरच्या शेवटच्या टेबलावर मोडताय. जो मोठा फिनटेक आहे तो सगळे चांगले एजंट उचलणार, नव्या कंपनीला गल्लीत माणूस मिळणार नाही. वर सॅटेलाइटवरून प्रत्येक मशीनची जागा दिसेल पण लाइनमधल्या माणसाच्या हातात पैसे नसतील.

मागण्या लिहिते, सरळ.

एका एजंटला एकाच कंपनीचं कलम मागे घ्या. ते जमत नसेल तर निदान दोन कंपन्यांना परवानगी द्या, आणि ज्या लोकल गव्हर्नमेंट एरियात (आपल्या तालुक्यासारखं) एजंट कमी आहेत तिथे कलम लावूच नका. ७७४ एरिया आहेत, कुठे किती एजंट आहेत ते तुमच्याकडे नोंदणीतून येणारच आहे.

एजंटला बीव्हीएनशी जोडलेला एकच नंबर द्या, सगळ्या मशीनवर तोच.

१२ लाखांची मर्यादा महिन्याच्या शेवटच्या आणि पहिल्या आठवड्यात वाढवा. पगार कधी होतात हे काही गुपित नाही.

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर तीन वेळा फुकट परत सुरू करा, निदान किमान वेतनाच्या खात्यांना.

अडकलेले पैसे मुदतीत आले नाहीत तर दिवसाच्या हिशेबाने भरपाई ग्राहकाच्या खात्यात आपोआप पडू द्या, अर्ज न करता, आणि कुठल्या बँकेने किती भरली ते दर तीन महिन्यांनी छापा. यादी छापली की सुधारतात, दंडापेक्षा जास्त.

नोटा, रोखीची मर्यादा, एजंट, यांपैकी कशालाही हात लावायचा असेल तर आधी मसुदा, मग किमान सहा महिने, आणि मसुद्याबरोबर एक पान की बँकेची शाखा नसलेल्या गावातल्या माणसाला याचा खर्च किती येईल. इंग्रजीत, हौसात, योरुबात, इग्बोत. बँकांशी तुम्ही बोलताच, त्यांच्या कमिट्या आहेत. पीओएसवाल्यांच्या संघटनेलाही त्या टेबलावर बसवा.

आणि मायक्रोफायनान्सचं लायसन्स रद्द करताना त्या गल्लीतले खातेदार कुठे जातील त्याची सोय त्याच आदेशात लिहा.

इंग्रजी पत्राबरोबर मी आमच्या पगाराच्या आठवड्यातल्या फेल गेलेल्या व्यवहारांचा तक्ता जोडलाय, माणसांची नावं काढून, फक्त वेळ, रक्कम आणि कितव्या मशीनवर झालं. तुमच्या पेमेंट्स विभागातल्या कोणाला बघायचा असेल तर आणखी महिन्यांचा देऊ शकते. लागोस, कानो, पोर्ट हारकोर्टमधल्या ज्या मराठी मंडळींकडे पगाराचं काम आहे त्यांनीही आपापला असा तक्ता बनवून पाठवा.

आपली,
इलुपेजू, लागोसमधली एक अकाउंटंट